आधी झडती कुणाची?

पत्र :

मी २७ वर्षांचा आहे. आम्ही गोव्यातल्या बार्देसमधले कॅथलिक. आई सावंतवाडीची, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे आमच्या घरी तुमचं सदर वाचलं जातं. पपा तारवटी. पंचवीस वर्षं बोटीवर काढून आता घरी आहेत. घर त्यांनीच बांधलं, माझं शिक्षणही त्यांनीच केलं, हे मी नाकारत नाही.

गेल्या वर्षी मी रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना शिबिराला गेलो आणि माझं आयुष्य बदललं. दारू सुटली, सिगारेट सुटली. रोज बायबल वाचतो, शुक्रवारी प्रार्थना गटात जातो. संत जुझे वाझ यांच्यासारखं गावोगाव फिरून देवाचं वचन सांगावं असं वाटतं. पपा मात्र रोज संध्याकाळी फेणी घेतात, कधी दोन पेग, कधी चार. वर स्कूटर घेऊन बाहेरही पडतात. रविवारी चर्चमध्ये मिसला येतात, पण पाद्रींचं प्रवचन सुरू झालं की बाहेर जाऊन गप्पा मारत उभे राहतात. कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे पापांची कबुली द्यायला, कित्येक वर्षांत गेलेले नाहीत.

मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रूसाकडे, लादीन (सामूहिक प्रार्थना) झाली. नंतर चणे आणि फेणी वाटली. पपांनी दुसरा ग्लास घेतला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘खुरसाच्या पायाशी उभं राहून पिताना लाज कशी वाटत नाही?’ ते काही न बोलता घरी गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या व्यसनासाठी प्रार्थना करा असं मी आमच्या गटात सांगितलं होतं, तेही कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं.

आई म्हणते, माफी माग. पण मी खोटं काय बोललो? मीही परिपूर्ण नाही हे मान्य, तरी निदान पपांसारखा झालो नाही याबद्दल देवाचे रोज आभार मानतो. चूक दाखवणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य नाही का? पाद्रींना सांगून त्यांना समज द्यायला लावू का?

उत्तर :

प्रिय मित्रा,

तू खोटं काहीच बोलला नाहीस. पपा पितात, चार पेग म्हणजे जास्तच पितात, आणि पिऊन स्कूटर चालवतात ही तर काळजीचीच गोष्ट आहे. हे सगळं खरं धरूनच मी लिहिते आहे. ‘तूच कसला धुतल्या तांदळासारखा’ असं म्हणून तुझं तोंड बंद करायचा माझा विचार नाही.

पण खरं बोललं की आपलं काम झालं, असं तुला वाटतंय. तिथे मला थांबावंसं वाटतं.

लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, येशूने सांगितलेली परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदाराची गोष्ट आहे. दोघेही मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही, याबद्दल तुझे आभार. मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. जकातदार लांब उभा राहतो, वर बघायचंही धाडस करत नाही, छाती बडवून ‘देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणतो. घरी परत जाताना देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरलेला असतो तो हा दुसरा. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे परूशी म्हटला की ढोंगी, असं मनात पक्कं बसलेलं असतं. मात्र एकदा सावकाश वाचून बघ. त्या माणसाने उपास खरोखर केलेले आहेत. दशांश खरोखर दिलेला आहे. जकातदार लोकांकडून जास्तीचे पैसे उकळायचे, हेही त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. येशू त्याच्या एकाही वाक्याला खोटं म्हणत नाही. देवापुढे उभा असताना त्याची नजर शेजारच्या माणसावर होती, तिथे सगळं बिघडलं.

आता तुझं वाक्य पाहा : ‘निदान पपांसारखा झालो नाही याबद्दल देवाचे रोज आभार मानतो.’ तुला लाजवायला हे दाखवत नाही. तू लिहिताना ते तुझ्या लक्षातही आलं नसणार, आणि म्हणूनच ते महत्त्वाचं आहे. दारू सुटली ही देवाची कृपा, तिच्यासाठी आभार मानायलाच हवेत. त्यात पपांचं नाव कशाला हवं?

‘मी खोटं काय बोललो’ या प्रश्नाचं सरळ उत्तर आपल्या चर्चच्या शिकवणीतच आहे. ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आठव्या आज्ञेखाली कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २४७७व्या परिच्छेदात, दुसऱ्याच्या नावाला धक्का लावणाऱ्या पापांची वेगवेगळी नोंद आहे. खोटं बोलून बदनामी करणं हे त्यातलं एक. आणि सबळ कारण नसताना कुणाचे खरे दोष, ते माहीत नसलेल्या माणसांना सांगणं, हे दुसरं. दोष खरा असला तरीही. धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘खोटं बोलू नये’ एवढंच आपल्या लक्षात राहतं आणि हा भाग मागे पडतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कारण भल्या माणसांच्या घरात जी भांडणं होतात, त्यांतली कितीतरी या दुसऱ्या प्रकारामुळे होतात.

म्हणून तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जड वाटलेली गोष्ट खुरसाकडची नाही, प्रार्थना गटातली आहे. ती तू जाता जाता एका वाक्यात लिहिलीस. खुरसाकडे तू रागात बोललास, आणि राग आला की माणूस बोलून जातो. गटात तू शांतपणे, चांगल्या हेतूने, पपांच्या पाठीमागे बोललास. गटातल्यांनी ते घरी सांगितलं असेल, घरून ते शेजारी गेलं असेल. आपली गावं किती लहान ते तुला माहीत आहे. आपला मुलगा आपली अब्रू प्रार्थनेच्या नावाने वाटतो आहे, हे पपांना बाहेरून कळलं. बोटीवर सुट्ट्या, सण, बहुधा तुझे वाढदिवससुद्धा घालवून ज्याने हे घर उभं केलं, त्या माणसाला ते कसं लागलं असेल, याचा जरा विचार कर. आपल्याकडे प्रार्थनेत नाव घेऊन सांगितलं की ती चहाडी उरत नाही, असा एक समज आहे. ऐकणाऱ्याच्या कानात ती चहाडीच असते. देवाला पपांचं नाव, पत्ता आणि पेगांची संख्या सांगायची गरज नव्हती. ‘माझ्या घरातल्या एका माणसासाठी प्रार्थना करा’ एवढ्याने भागलं असतं.

तू कर्तव्याचं विचारलंस. चूक दाखवणं हे कर्तव्य आहे. मत्तयच्या सातव्या अध्यायातलं कुसळ-मुसळाचं वचन वापरून एकमेकांना गप्प करणारी माणसं मला मुळीच पटत नाहीत. नवरा हात उगारतो असं सांगणाऱ्या बाईला ‘न्याय करू नका’ म्हणून परत पाठवलं जातं, तेव्हा त्या वचनाची विटंबना होते. येशू तिथे ‘कुसळ तसंच राहू दे’ म्हणत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं पाचव्या वचनात स्पष्ट आहे. कुसळ काढायचं आहेच, प्रश्न दिसण्याचा आहे. डोळ्याइतक्या नाजूक जागी हात घालायचा तर नीट दिसायलाच हवं.

ते कसं काढायचं याचा क्रमही त्याच शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात दिलेला आहे. आधी एकट्याने जा, फक्त तुम्ही दोघं असताना बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. मंडळीला सांगायचं ते त्यानंतर. तू नेमकं उलटं केलंस. आधी गटाला सांगितलं, मग वाड्याला ऐकवलं, आता पाद्रींकडे जायचं म्हणतोस, आणि पपांशी एकट्याने बसून बोलल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. तुमच्यात ते बोलणं कधी झालं असेल तर मला कळव. झालं नसेल असं वाटतं.

जुन्या गोव्यात ज्यांच्या शवाच्या दर्शनाला आपण जातो ते संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली इथे उतरले. त्याआधी पॅरिसमध्ये त्यांनी पुढे जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लॉयोला यांच्या मार्गदर्शनाखाली महिनाभराची आध्यात्मिक साधना केली होती. तू गेलास त्या रिट्रीटसारख्या कितीतरी रिट्रीटांचं मूळ त्या साधनेत आहे. इग्नेशियस यांनी ती लिहून काढली, आणि तिच्या सुरुवातीलाच एक सूचना घातली. प्रत्येक भल्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या बोलण्याला दोष देण्यापेक्षा त्यातला चांगला अर्थ घ्यायला जास्त तयार असावं. चांगला अर्थ लागतच नसेल तर त्या माणसालाच विचारावं, तुला काय म्हणायचं आहे? आणि खरोखर चुकत असेल तर प्रेमाने सुधारावं. यात मधली पायरी आहे विचारण्याची, आणि तीच आपण गाळतो.

तू पपांना काय विचारलं आहेस? प्रवचनाच्या वेळी ते बाहेर का उभे राहतात? आपल्याकडे कितीतरी पुरुष तसे उभे राहतात आणि त्यामागे नुसता आळसही असतो, हे मान्य. पण पंचवीस वर्षं रविवारसुद्धा ड्युटीवर गेलेल्या माणसाला चर्चमध्ये बसायची सवय कशी राहिली असेल? बोटीवर संध्याकाळ कशी जायची? घरी परत आल्यावर आता रोजच्या संध्याकाळचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडत असेल का? कुमसाराला जात नाहीत ते निष्काळजीपणाने, की एखादी गोष्ट बोलायची भीती वाटते म्हणून? उत्तरं मला माहीत नाहीत आणि तुलाही नाहीत. ती कळण्याआधीच तू निकाल देऊन मोकळा झालास.

आणि लादीनेनंतरच्या त्या फेणीबद्दल एक सांगते. वाड्यावर लादीन झाली की चणे आणि घोटभर फेणी देणं ही आपली जुनी रीत आहे. ज्याच्या घरची पाळी असते तो ते आनंदाने देतो. तुला ती रीत आता पटत नसेल तर तू ग्लास घेऊ नकोस, आणि वाटल्यास यापुढे सरबत द्यावं असं वाड्याच्या बैठकीत मांड. मी तुझ्या बाजूने असेन. पण त्या दिवशी ग्लास कितीतरी जणांच्या हातात होते आणि तू बोललास ते एकट्या पपांना. म्हणजे राग रीतीचा नव्हता.

स्वतःची झडती कशी घ्यायची, यासाठी इग्नेशियसच उपयोगी पडतील. रात्री झोपण्याआधी थोडा वेळ बसायचं. आधी दिवसभरातल्या देणग्यांसाठी आभार, मग देवाकडे उजेड मागायचा, मग सकाळपासून काय विचार केले, काय बोललो, काय केलं ते आठवायचं, चुकलं त्याची क्षमा मागायची, आणि उद्याचा निश्चय करायचा. यात एकच नियम माझ्याकडून घाल. झडतीच्या भागात कर्ता नेहमी ‘मी’ असेल. ‘पपा असं बोलले म्हणून मी’ असं वाक्य सुरू झालं की थांब आणि ‘मी’पासून पुन्हा सुरुवात कर. कुमसाराला आपण बापाची पापं सांगायला लागलो तर पाद्री थांबवतात, तसंच. पपांचं नाव घ्यायचं तर ते आभाराच्या भागात घे. घ्यायला पुष्कळ आहे, तुझ्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच आहे.

त्या साधनेत आणखी एक अगदी व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. एक दोष निवडायचा. दिवसभरात तो घडला की त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत असलो तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मग रात्री वहीत तेवढे ठिपके द्यायचे आणि आजचे ठिपके कालच्यापेक्षा कमी आहेत का ते पाहायचं. तुझ्यासाठी मी दोष निवडते : दुसऱ्याची चूक तिसऱ्याला सांगणं. त्यात पपाच नाहीत, ऑफिसातली माणसं, गटातली माणसं, सगळी आली. काही दिवस हे मनापासून केलंस तर पपांशी बोलताना तुझा आवाज वेगळा निघेल. बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल लिहितो की चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडे लक्ष ठेवा, नाहीतर तुम्हीही मोहात पडाल. सुधारायला जाणाऱ्याला असलेल्या मोहाबद्दल तो बोलतो आहे.

मात्र झडतीचा अतिरेकही नको. मी किती नीच, माझ्याइतका पापी कुणी नाही, असं रात्रभर घोकत बसणं म्हणजे नम्रता नव्हे. त्यातही माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. चुकलं ते चुकलं म्हणायचं, क्षमा मागायची, आणि उठून कामाला लागायचं.

तुझं पहिलं काम माफीचं आहे. आई बरोबर सांगते. पपा सकाळी चहा घेत असतील तेव्हा एकटा जा. ‘पपा, खुरसाकडे मी तुमचा सगळ्यांसमोर अपमान केला. गटात तुमच्याबद्दल बोललो. दोन्ही चुकलं. मला माफ करा.’ एवढंच. ‘पण तुम्हीसुद्धा’ हे शब्द तोंडात आले तर गिळून टाक. दारूचा विषय त्या दिवशी काढायचाच नाही, कारण काढलास तर माफी हे निमित्त होतं असं त्यांना वाटेल, आणि ते बरोबरच असेल. अपमान सगळ्यांसमोर झाला होता, तेव्हा भरपाईही थोडी सगळ्यांसमोर व्हायला हवी. गटात सांग की वडिलांबद्दल मी इथे बोलायला नको होतं, आणि हे इथेच राहू द्या. वाड्यावर जे तेव्हा उभे होते, त्यांच्यातल्या एकदोघा वडीलधाऱ्यांना सांगितलंस तर बाकीच्यांपर्यंत आपोआप जाईल.

पपा लगेच बोलतील असं धरून चालू नकोस. कदाचित ‘बरं’ म्हणतील आणि पेपर उघडतील. तेवढं पुरे.

स्कूटरची गोष्ट निराळी आहे. तिथे स्वतःचं मुसळ निघेपर्यंत थांबायचं नाही. प्यायल्यावर ते बाहेर पडायला निघाले तर किल्ली माग, ‘मी सोडतो’ म्हण, आणि खरंच सोड, बारवर जायचं असलं तरी. जिवाचा प्रश्न असतो तिथे कोण किती पवित्र हे कुणी विचारत बसत नाही. वाटेत उपदेश मात्र करायचा नाही.

दारूबद्दल बोलायची वेळ नंतर येईल. ती सकाळची असू दे, आणि सुरुवात प्रश्नाने होऊ दे. तुला भीती वाटते हे सांग, लाज वाटते हे नको. रोज घेतल्याशिवाय हात थरथरतो, झोप येत नाही, थांबवायचं ठरवूनही थांबत नाही, असं काही दिसलं तर तो आजार समज. अशा माणसाने एकदम दारू तोडली तर झटके येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टर. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत यावर उपचार होतात. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या बैठकाही गोव्यात होतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेच्या बारा पायऱ्यांमधली चौथी पायरी म्हणजे स्वतःची निर्भयपणे घेतलेली नैतिक झडती. तिथे पिणारा माणूस दुसऱ्याच्या नव्हे, आपल्याच चुकांची यादी करतो, आणि बरा होण्याचा रस्ता तिथून जातो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. पपा कुठेही जायला तयार नसले तरी तू आणि आई तिथे जाऊ शकता.

संत जुझे वाझ यांच्यासारखं व्हावंसं वाटतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. ती ओढ जपून ठेव. बाणावलीत जन्मलेला हा आपला माणूस १६८७ साली मजुराच्या वेशात लंकेत उतरला, कारण डचांनी तिथे कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. गळ्यात जपमाळ घालून तो दारोदार भीक मागत फिरायचा, जपमाळ ओळखून कोण जवळ येतं ते बघत. लंकेतल्या कँडीत त्यांना हेर समजून कैदेत टाकलं. पुढे १६९७च्या सुमाराला तिथे देवीची साथ आली, लोक आपली आजारी माणसं रानात टाकून जाऊ लागले, तेव्हा हे त्यांना धूत होते, भरवत होते, कोण कुठल्या धर्माचा ते न बघता. वचन ऐकवायचा हक्क त्यांनी असा मिळवला. तुला गावोगाव जायचं असेल तर जरूर जा, पण त्यांनी त्या आजाऱ्यांसाठी जे केलं ते आधी घरात थोडं करून बघ. आईला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेणं, पपांच्या गोळ्या आणून देणं, त्यांनी बोटीवरच्या गोष्टी काढल्या तर शेवटपर्यंत ऐकणं.

राहिला पाद्रींचा प्रश्न. त्यांच्याकडे आत्ता पपांची तक्रार घेऊन जाऊ नकोस. तुम्ही दोघं एकट्याने बोललाच नाहीत तोवर ती पायरी येत नाही. जायचंच असेल तर या आठवड्यात कुमसाराला जा, आणि खुरसाकडचं आणि गटातलं दोन्ही सांग. पुढे काही महिन्यांनी, बोलून झाल्यावर, पपांचं पिणं वाढतच असेल तर आईला सोबत घेऊन एखाद्या अशा माणसाकडे जा ज्याचा पपा मान ठेवतात. बोटीवरचा जुना सोबतीही चालेल, पाद्रीच हवेत असं नाही. आणि तो माणूस निवडताना आईला विचार. तुझ्यापेक्षा तिला पपा जास्त माहीत आहेत.